जोड नावेच्या बाहेर ठेवा: ग्राइंडरची आखूड वायर बदलण्याआधी हे वाचा



बंदी लागली की जाळी घरात जातात आणि मशीनं बाहेर येतात. ग्राइंडर, ड्रिल, रंधा, कोणाकडे वेल्डिंगसुद्धा. वर्षभर नावेकडे बघायला वेळ नसतो, म्हणून सगळी डागडुजी या दोन महिन्यांत. मध्य प्रदेशात नर्मदेवर १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. आपल्या कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. तारखा वेगळ्या, पण गोष्ट एकच. दुरुस्तीचा काळ म्हणजे नेमका पावसाचा काळ. वर्षातले सगळ्यात ओले दिवस, आणि त्याच दिवसांत आपण विजेची मशीनं हातात घेऊन चिखलात उभे.

गेल्या आषाढात आम्ही धार जिल्ह्यात होतो, धरमपुरीच्या बाजूला. आपल्या संस्थेतल्या एका घरचे सोयरे तिकडे नर्मदाकाठी आहेत. धार-देवास म्हटलं की आपल्याला पवारांची संस्थानं आठवतात, तिथले मराठी वाडे आठवतात. पण या दोन्ही जिल्ह्यांची दक्षिण हद्द म्हणजे नर्मदा, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असतं? देवासकडे नेमावर, धारकडे धरमपुरी आणि खलघाट. सगळीकडे नदी, नावा आणि जाळी.

तिथे जे घडलं ते सांगतो.

पाण्याने काठ हलवला, वायर लांबत गेली

सोयऱ्यांची नाव लोखंडी पत्र्याची. तळाला एके ठिकाणी गंज खाऊन पत्रा कागदासारखा झालेला. तेवढा कापून नवा तुकडा बसवायचा होता. हातात चार इंची ग्राइंडर. त्याची वायर कंपनीकडून येते तेवढीच, दोन मीटरच्या आसपास. आणि घरातल्या बोर्डापासून नावेपर्यंत अंतर तीस मीटर.

एवढं अंतर का, असं कोणी विचारेल. पूर्वी नाव दारात लागायची. पण सरदार सरोवराचं पाणी चढलं तसा काठ मागे सरकला. धरण १३८.६८ मीटरपर्यंत पहिल्यांदा पूर्ण भरलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. कुक्षी तालुक्यातलं निसरपूर त्याच पाण्याखाली गेलं. बरीच घरं वर वसाहतीत गेली, नावा खाली पाण्याजवळ राहिल्या. शिवाय जलाशयाची पातळी वर्षभर खाली-वर होते, म्हणजे नाव ओढून ठेवायची जागाही दरवर्षी तीच असेल असं नाही. बोर्ड एका जागी, नाव दुसरीकडे. मधलं अंतर वायरीने भरून काढायचं.

ते कसं भरून काढलं होतं? चार तुकडे जोडून. एक तुकडा जुन्या कूलरचा, एक पंख्याचा, दोन कुठल्याशा मंडपातले. तीन जोड. दोनांवर काळी टेप, तिसऱ्यावर दुधाची पिशवी गुंडाळून सुतळी बांधलेली. आणि शेवटी एक प्लास्टिकचा बोर्ड, तो थेट नावेच्या आत ठेवलेला. कारण ग्राइंडरची वायर दोनच मीटर. बोर्ड नावेबाहेर ठेवला तर मशीन तळापर्यंत पोहोचतच नाही.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. नावेच्या तळाला बोटभर पाणी. भाचा गुडघे टेकून बसला, ग्राइंडर चालू केला, पाच मिनिटं काम नीट झालं. मग ग्राइंडर वळवताना वायरीला ओढ बसली, बोर्ड कलंडला आणि पाण्यात पडला.

तो ओरडलासुद्धा नाही. ताठ झाला आणि कुशीवर कलंडला. आम्ही चार पुरुष तिथे उभे, पण क्षणभर कोणाला काही सुचेना. एकजण नावेकडे धावलाच होता, त्याला मागे खेचलं. जीव वाचवला मामीने. ती घराच्या दारात बसून तांदूळ निवडत होती, बोर्ड तिच्या हाताशी. तिने ताट फेकलं आणि मेन स्विच पाडला.

भाचा वाचला. कोपराला भाजलं आणि दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं, तेवढ्यावर निभावलं. पण ते दोन क्षण आमच्या डोळ्यांपुढून अजून जात नाहीत. म्हणून हा लेख.

नक्की चुकलं काय?

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, की वायर फार लांब होती. आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर घेऊन धामनोदला एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो, तेव्हा त्याने आमची समजूत दुरुस्त केली. लांब वायरीने माणूस मरत नाही. माणूस मरतो जोडापाशी. अखंड, जाड, चांगल्या सालीची वायर पन्नास मीटर असली तरी पाण्यातून करंट बाहेर येत नाही. पण एक उघडा जोड किंवा एक बोर्ड पाण्यात पडला, तर पाण्याला आणि पत्र्याला करंट मिळतो.

लोखंडी नावेत तर विचारूच नका. चारी बाजूंनी पत्रा, माणूस त्यात ओल्या गुडघ्यांनी बसलेला. नाव हीच वायर होते. लाकडी नावेत थोडं बरं असेल, पण ओलं लाकूडही भरवशाचं नाही. समुद्रावरच्या बांधवांसाठी तर आणखी एक वाईट गोष्ट: खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी जास्त वाहून नेतं, आणि जोडातलं तांबं हिरवं पाडून खाऊन टाकतं.

आता आकडे बघा, म्हणजे अंदाज येईल. ओल्या अंगाचा विजेला होणारा अडथळा साधारण हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला म्हणजे अंगातून दोनशे मिलिअँपियरच्या वर करंट. दहा-पंधरा मिलिअँपियरलाच हाताचे स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. पन्नासच्या पुढे, सेकंदभर जरी टिकला, तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आणि घरातली एमसीबी किती अँपियरची? सोळाची. म्हणजे सोळा हजार मिलिअँपियर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाला करंट लागलाय हे तिला कळतच नाही.

म्हणजे मूळ चूक होती ती बोर्ड नावेत असण्याची. बोर्ड नावेत होता, कारण ग्राइंडरची वायर आखूड होती. तेव्हा ती बदलून लांब बसवणं हा हौसेचा खर्च समजू नका.

किती लांब, किती जाड?

आमचा पहिला विचार असा की ग्राइंडरलाच तीस मीटर वायर लावून टाकू, एकही जोड नको. रिवाइंडिंगवाल्याने मान हलवली. तीस मीटर जाड केबलचं वजन ग्राइंडरला लटकलं तर हात भरून येतो, मशीन हातात फिरतं. शिवाय छोट्या ग्राइंडरच्या मागे वायर आत जायचं जे रबरी बूच असतं, त्यातून फार जाड केबल जातच नाही. आणि बारीक घातली तर दुसरा घोटाळा.

घोटाळा हा. वायर जितकी लांब आणि बारीक, तितकं व्होल्टेज वाटेत खाल्लं जातं. पाऊण स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर तीस मीटर घेतली, तर जाऊन-येऊन साठ मीटर होते आणि तिचा अडथळा दीड ओहमच्या वर जातो. दोन हजार वॅटचा सात इंची ग्राइंडर नऊ अँपियरच्या आसपास ओढतो, म्हणजे वाटेतच चौदा व्होल्ट गेले. सुरू होताना मोटार क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते, तेव्हा तर विचारायलाच नको. गावात व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यातून हे वजा. मग ग्राइंडर मंद फिरतो, आपण वरून जोर लावतो, करंट वाढतो, आर्मेचर तापतं आणि एक दिवस जळतं. आपण म्हणतो कंपनीचा माल खराब. तीच लांबी अडीच स्क्वेअरच्या वायरीने केली तर त्याच मशीनला चार-साडेचार व्होल्टच कमी पडतात.

म्हणून आम्ही जे ठरवलं ते असं:

१. ग्राइंडरला किंवा ड्रिलला पाच-सहा मीटरची अखंड केबल. छोट्या मशीनला एक किंवा दीड स्क्वेअर, बुचात नीट बसेल तेवढी. नावेच्या तळापासून काठावरून बाहेर, आणि वर दीड-दोन मीटर ढिली, एवढा हिशोब धरायचा. यापुढे जोड नावेच्या बाहेर.

२. बाकीचं अंतर एकाच अखंड अडीच स्क्वेअरच्या एक्स्टेन्शनने. मध्ये तुकडा नाही, टेप नाही.

३. जिथे ग्राइंडरचा टॉप एक्स्टेन्शनला लागतो ती जागा जमिनीवर नाही. बांबूला किंवा झाडाला बांधून कमरेच्या वर, वर छप्पर किंवा उलटा डबा.

४. ड्रमवर गुंडाळलेली केबल वापरताना पूर्ण सोडायची. गुंडाळीतच ठेवली तर उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत साल वितळते.

केबल घेताना आयएसआय मार्क बघा. साध्या पीव्हीसी केबलवर आयएस ६९४ आणि रबरी केबलवर आयएस ९९६८ असं छापलेलं असतं. काठावरच्या कामाला रबरी बरी. ऊन, तेल, ठिणगी, ओढाताण सगळं जास्त सोसते. आणि टोक सोलून तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दुकानदाराला परत द्या.

दोन तारा की तीन तारा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

मशीनच्या नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्या मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे. त्याला कंपनीने दोनच तारा दिलेल्या असतात, अर्थिंगची तार लागत नाही. बहुतेक नवे छोटे ग्राइंडर असेच असतात. पण लक्षात ठेवा, दुहेरी इन्सुलेशन कोरड्या मशीनपुरतं. आत पाणी गेलं की ते संपलं.

ती खूण नसेल, अंग धातूचं असेल आणि जुनी वायर तीन तारांची असेल, तर नवी केबलही तीन तारांचीच हवी. दोन तारांची स्वस्त पडते म्हणून लावली आणि हिरवी तार सोडून दिली, तर मशीन छान चालतं. चालतं म्हणूनच फसवतं. आत एखादी तार अंगाला टेकली की सगळं मशीन करंटचं, आणि एमसीबी काही पडत नाही.

रंग: नव्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कोणती तार कुठे होती याचा. हिरवी तार चुकून फेजच्या जागी गेली तर मशीनचं अंगच फेज होतं.

थ्री-पिन टॉपची एक पिन लांब आणि जाड का असते, कधी विचार केलाय? ती अर्थिंगची. लांब म्हणून सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी सुटते. आपणही तोच नियम पाळायचा. टॉपच्या आत हिरवी तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब सोडायची. वायर कधी हिसकली गेली तर आधी फेज तुटेल, अर्थिंग शेवटी.

बसवताना

मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटरला द्या, लांब केबल लावून मागा. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वायर जाणकारानेच बदलावी असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे. वॉरंटी संपलेली असली तरी रिवाइंडिंगवाल्याकडून किंवा लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या. पण काम कसं झालं ते आपल्याला बघता आलं पाहिजे. आम्ही धामनोदला बसून बघितलं, त्यातलं महत्त्वाचं एवढं:

आत वायर दाबून धरणारी एक पट्टी असते, दोन स्क्रूची. ती वायरीच्या बाहेरच्या सालीवर बसली पाहिजे. आतल्या रंगीत तारांवर नव्हे. सगळी ओढ त्या पट्टीने घ्यायची, तारांच्या टोकांवर काहीच यायला नको. मागचं रबरी बूच जुनं, चिरलेलं असेल तर नवं टाका. तिथेच वायर सारखी वाकते आणि आतून तुटते.

तारांची टोकं पिळून थिंबल दाबून स्क्रूखाली घ्यायची. डाग देऊन स्क्रूखाली दाबू नका. डाग मऊ असतो, काही महिन्यांत दबतो, स्क्रू ढिला पडतो आणि तिथे ठिणगी पडते.

झालं की केबल हाताने जोरात ओढून बघा, जराही सरकायला नको. मग टॉप बाहेर असतानाच मल्टिमीटर लावून बघा: मशीनच्या धातूच्या भागाचा फेज किंवा न्यूट्रल पिनशी संबंध नको, आणि तीन तारांचं मशीन असेल तर लांब पिनशी मात्र हवा.

तीस मिलिअँपियरचा पहारेकरी

एवढं सगळं करूनही ओल्या जागी एक वस्तू हवीच. आरसीसीबी, तीस मिलिअँपियरची. काहीजण तिला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती मोजते. तीस मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी दुसऱ्या वाटेने चाललाय, कदाचित माणसातून. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती लाईन तोडते. त्या दिवशी घरात ती असती तर बोर्ड पाण्यात पडताच लाईन गेली असती आणि मामीला ताट फेकावं लागलं नसतं.

तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. बंदीच्या काळात रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दाबा.

दोन गोष्टी मात्र जपा. आकडा टाकून घेतलेल्या लाईनवर यातलं काहीच नसतं, ना अर्थिंग ना पहारेकरी. त्या लाईनवर नावेत बसून काम म्हणजे जिवाशी खेळ. वीज कंपनीकडे तात्पुरतं कनेक्शन मागता येतं. धार-देवासला पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, आपल्याकडे महावितरण, आणि तक्रारीला दोन्हीकडे १९१२. दुसरं, छोट्या जनरेटरवर आरसीसीबी लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीला जोडलेला नसतो, मग आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे पडतेच असं नाही. आधी वायरमनला दाखवा.

लोखंडी नावेच्या आत बसून करायचं काम असेल, तर आमचं आता स्पष्ट मत आहे. बॅटरीचं मशीन वापरा. अठरा-वीस व्होल्टचं असतं, वायरच नाही. मोठं कापकाम होणार नाही, पण घासणं, भोकं पाडणं, छोटा पत्रा कापणं होतं. प्रत्येकाला परवडेल असं नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण दहा नावांमध्ये एक परवडतं. तोच भाचा पिथमपूरला वर्कशॉपमध्ये कामाला आहे. तिथे प्रत्येक मशीनची वायर तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी लागते, चिठ्ठी नसेल तर मशीन हातात मिळत नाही. तोच मुलगा घरी येऊन दुधाच्या पिशवीचा जोड वापरत होता. कारखान्यात त्याची काळजी घ्यायला कोणीतरी आहे. काठावर ती आपणच घ्यायची.

आणि तरीही करंट लागलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या बांबूने वायर बाजूला करा. लोखंडी नावेत माणूस असेल तर लाईन गेल्याशिवाय नावेला शिवायचंही नाही. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. हृदयाचा त्रास नंतरही होऊ शकतो.

आणि एक माणूस कायम मेन स्विचपाशी बसवा. काम चालू असेपर्यंत त्याने उठायचं नाही. त्या दिवशी मामी तिथे योगायोगाने होती. पुढच्या वेळी आपण तो योगायोगावर सोडायचा नाही.

धरमपुरीची ती नाव आता पुन्हा पाण्यात आहे. ग्राइंडरला सहा मीटर काळी रबरी केबल आहे, घरात आरसीसीबी आहे. जुने चार तुकडे मामीने स्वतः विळीने कापून टाकले, म्हणजे पुन्हा कोणाला जोडायचा मोह नको.

मंडळी, आज संध्याकाळी आपापलं एक्स्टेन्शन उचला आणि पूर्ण लांबी हातातून सरकवत न्या. जिथे टेप लागेल तिथे थांबा. ती जागा उद्या कोणाच्या गुडघ्याखाली येणार आहे, याचा विचार करा. मग पक्कड घ्या आणि कापा.